डीएक्ससाठी कुठली अँटेना? निवडायची कशी, लावायची कशी आणि ताडून बघायची कशी

हॅम रेडिओचं नवीन लायसन्स हातात आलं, शंभर वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्ह) सेट टेबलावर आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, डीएक्ससाठी, म्हणजे लांबच्या स्टेशनांशी बोलायला, सगळ्यात भारी अँटेना कुठली? दहा जणांना विचारा, दहा उत्तरं येतात. एक म्हणतो व्हर्टिकल (उभा दांडा) लाव, दुसरा म्हणतो डायपोलला (मध्ये जोडलेल्या आडव्या तारेला) तोड नाही, तिसरा म्हणतो यागी (एका दिशेला झोत टाकणारी अँटेना) नसेल तर डीएक्सच्या नादी लागूच नको. आणि तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण प्रत्येकाची उंची वेगळी, जमीन वेगळी, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वेगळा. त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर उचलून काम होत नाही, आपलं आपल्यालाच काढावं लागतं. कसं काढायचं ते पायरीपायरीने सांगतो, घाई करू नका, पहिली पायरी जरा मोठी आहे पण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

पायरी १: कोन समजून घ्या

एचएफवर सिग्नल लांब जातो तो वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातून, म्हणजे आयनोस्फिअरमधून, वळून परत जमिनीवर येतो म्हणून. त्यातला आपल्या कामाचा थर एफ-२, साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकला की तो टप्पे घेत लांब जातो आणि उभा टाकला की जागीच बुडतो, इथेही मामला बराचसा तसाच आहे. अँटेनातून सिग्नल जमिनीपासून किती अंशांवर निघतो त्याला टेक-ऑफ अँगल म्हणतात आणि डीएक्सचा निम्मा खेळ या एका आकड्यात आहे.

आता आकडे बघा. थर ३०० किलोमीटरवर आहे असं धरलं तर ३० अंशांनी निघालेला सिग्नल एका उडीत साधारण ९३० किलोमीटरवर उतरतो, १५ अंशांनी निघालेला १,७०० वर, १० अंशांनी २,२०० आणि ५ अंशांनी जवळजवळ २,९००. म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत जायला ३० अंशांच्या सिग्नलला दहा-अकरा उड्या लागतात आणि १० अंशांच्या सिग्नलला पाच. दर उडीला जमिनीवर आपटताना थोडा सिग्नल जातो, दिवसा खालच्या डी थरातून वर जाताना आणि खाली येताना पुन्हा थोडा जातो, म्हणून जितक्या उड्या कमी तितकं तिकडे काहीतरी शिल्लक राहून पोचतं.

आणि हा कोन कशावर ठरतो? आडव्या अँटेनाचा कोन ठरतो तो तिच्या उंचीवर, पण मीटरमधल्या उंचीवर नाही, वेव्हलेंग्थच्या (तरंगलांबीच्या) हिशोबातल्या उंचीवर, आणि ४० मीटर, २० मीटर ही बँडची नावं म्हणजे साधारण तीच वेव्हलेंग्थ. अर्धी वेव्हलेंग्थ उंच असेल तर मुख्य झोत ३० अंशांच्या आसपास, एक वेव्हलेंग्थ उंच असेल तर १४-१५ अंशांवर, आणि पाव वेव्हलेंग्थ किंवा त्याखाली असेल तर झोत सरळ डोक्यावर. गणित करायचंच असेल तर वेव्हलेंग्थला उंचीच्या चौपटीने भागा, येणाऱ्या आकड्याचा साइन इन्व्हर्स घ्या, झाला कोन. आकडा १ किंवा त्याच्या वर आला तर समजा झोत वर आकाशात.

हे एकदा डोक्यात बसलं की एकच तार वेगवेगळ्या बँडवर इतकी वेगळी का वागते ते उलगडतं. १० मीटर उंचीवर डायपोल टांगलाय असं समजा. ४० मीटर बँडवर ती उंची पाव वेव्हलेंग्थ, म्हणजे सिग्नल वर जातो आणि काही शे किलोमीटरच्या आत पडतो, गप्पा मारायला झकास पण डीएक्सला कमजोर. २० मीटर बँडवर तीच उंची अर्धी वेव्हलेंग्थ, कोन ३०. १५ मीटर बँडवर कोन २१ वर येतो आणि १० मीटर बँडवर १५ वर. तेवढ्याच उंचीच्या खांबावर २८ मेगाहर्ट्झचा साधा डायपोलसुद्धा जगभर बोलतो यामागे हेच आहे, अर्थात बँड उघडा असेल तेव्हा.

उंचीची किंमत किती ते एका उदाहरणावरून कळेल. २० मीटर बँडचा डायपोल ५ मीटरवर आहे आणि तुम्ही तो १० मीटरवर नेला. १० अंशांच्या कोनात त्याची ताकद साडेपाच-सहा डीबीने (डेसिबलने) वाढते. ६ डीबी म्हणजे चौपट पॉवर, म्हणजे शंभर वॅटचा सेट चारशे वॅटचा झाल्यासारखं आणि वर ऐकायला पण तेवढाच फायदा, जो ॲम्प्लिफायर कधीच देत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, नवीन माणसाने आधी दोरी आणि उंच टोक शोधावं, ॲम्प्लिफायरचा विचार फार नंतर करावा.

पायरी २: जागा मोजा आणि बँड ठरवा

कागदावर जागेचा साधा नकाशा काढा. झाडं कुठे, छत कुठे, उंचात उंच कुठलं टोक वापरता येईल, दोन टोकांमध्ये अंतर किती, आणि सगळ्यात आधी विजेच्या तारा कुठून जातात ते लाल रंगाने काढा. खांब किंवा तार कुठल्याही बाजूला कोसळली तरी त्या तारांना शिवणार नाही एवढं अंतर हवंच, यात तडजोड नाही, अँटेना चढवताना विजेच्या तारेला लागून माणसं जातात हे खरं आहे आणि ते एका क्षणात होतं.

मग बँड. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं, सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. डाग जास्त असतात तेव्हा १५ आणि १० मीटर दिवसभर जिवंत असतात, डाग कमी झाले की ते बँड दिवसेंदिवस गप्प पडतात आणि सगळे २० आणि ४० वर येतात. २० मीटर हा सगळ्यात भरवशाचा, चक्रात काहीही चालू असलं तरी तिथे दिवसातून कधीतरी लांबचं काहीतरी ऐकू येतंच. ४० मीटर रात्रीचा, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी, ज्याला ग्रेलाइन म्हणतात, तेव्हा खास. पहिली अँटेना २० मीटरची करा असंच मी सगळ्यांना सांगतो, आकारही झेपणारा आहे आणि निकालही लवकर दिसतो.

दिशेचं पण इथेच बघून घ्या. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून दिशा काढू नका, ती चुकते. आपलं ठिकाण मध्यभागी असलेला गोल नकाशा मिळतो, ॲझिमुथल म्हणतात त्याला, त्यावर केंद्रातून सरळ रेघ मारली की खरी दिशा मिळते आणि पहिल्यांदा बघताना धक्का बसतो की अमुक देश आपल्याला वाटत होता पश्चिमेला आणि सिग्नल तर चाललाय वायव्येकडून वर.

पायरी ३: आधी एक डायपोल, कारण तोच आपली मोजपट्टी

तुम्हाला शेवटी काहीही लावायचं असो, सुरुवात डायपोलने करा. साधा आहे, स्वस्त आहे आणि पुढची प्रत्येक अँटेना ताडून बघायला हाताशी एक ओळखीची अँटेना लागते.

लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. १४.१५ साठी १०.१ मीटर येतात, म्हणजे एकेक बाजू ५.०५. पण तार कापताना प्रत्येक बाजू वीसेक सेंटीमीटर जास्तच ठेवा, कमी करता येते, वाढवणं कटकटीचं. मध्ये इन्सुलेटर, तिथेच कोॲक्स (सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल) जोडायची, आतली वायर एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला. टोकांना पण इन्सुलेटर आणि पुढे नायलॉनची दोरी. झाडाला बांधत असाल तर दोरी ताठ खेचू नका, वाऱ्यात झाड हललं की तार तुटते, एका बाजूला कप्पी लावून खाली वजन लटकवलं की प्रश्न सुटतो.

दोन उंच टोकं नसतील तर मध्यभागी एकच उंच खांब घ्या आणि दोन्ही बाजू खाली तिरप्या सोडा, ही झाली इन्व्हर्टेड व्ही. वरचा कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, ११०-१२० मिळाला तर उत्तम. बऱ्याच लोकांना यात एक सोय मिळते, डायपोलचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) मोकळ्या जागेत ७३ ओहम असतो तो बाजू खाली वाकवल्यावर ५० च्या जवळ येतो, आणि सेट व कोॲक्स ५० ओहमचेच असतात. टोकं मात्र माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवा, ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज भरपूर असतं आणि चांगलाच चटका बसतो.

आता ट्यूनिंग. अँटेना ॲनालायझर किंवा नॅनोव्हीएनए (तेच काम करणारं छोटं यंत्र) असेल तर सोपं, नसेल तर सेटवरच्या एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून पॉवर परत येतेय का ते दाखवणाऱ्या) कमी पॉवरने बँडभर फिरून बघा खड्डा कुठे आहे. समजा तार एकूण १०.५ मीटर आहे आणि एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी १३.८ मेगाहर्ट्झला येतोय, हवाय १४.१५ ला. लांबी गुणिले १३.८ भागिले १४.१५, म्हणजे १०.२४ मीटर हवी, २६ सेंटीमीटर कमी, दर बाजूला १३. कापू नका लगेच, टोकाची तार मागे दुमडून स्वतःभोवतीच गुंडाळा, परत मोजा, बरोबर बसल्यावर ठरवा. आणि मोजायचं ते अँटेना आपल्या खऱ्या उंचीवर असतानाच, खाली दीड मीटरवर मोजलेला आकडा वर गेल्यावर बदलतो.

एक गोष्ट इथेच मनातून काढून टाका, एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगली. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर एकदम १ असतो आणि तो कुठेही ऐकू जात नाही. एसडब्ल्यूआर फक्त सेट आणि अँटेनाचं जुळतंय का एवढंच सांगतो, पॉवर हवेत जातेय का उष्णता होऊन मुरतेय ते सांगत नाही.

पायरी ४: आता बाकीच्या उमेदवार अँटेना

व्हर्टिकल. पाव वेव्हलेंग्थचा उभा दांडा किंवा फायबरग्लासच्या काठीला बांधलेली तार, २० मीटरसाठी ५ मीटरच्या आसपास, ४० साठी १० मीटर. तिला उंच चढवावं लागत नाही आणि ती चारी दिशांना सारखी बोलते, शिवाय डोक्यावर सिग्नल वाया घालवत नाही. हे सगळं ऐकून लोक ती लावतात आणि निराश होतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, रेडियल. उभा दांडा ही अर्धीच अँटेना आहे, दुसरा अर्धा भाग म्हणजे जमिनीवर चहूकडे पसरलेल्या तारा. त्या नसल्या तर करंट मातीतून परत येतो आणि माती तापवतो.

हे आकड्यात बघितलं की पटतं. पाव वेव्हलेंग्थ उभ्या दांड्याचा स्वतःचा रेडिएशन रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास. दोन-चार रेडियल टाकून तुम्हाला एसडब्ल्यूआर एकदम १ मिळाला, तुम्ही खूश, पण ५० ओहम दिसतायत त्यातले १४ ओहम मातीचे आहेत आणि पॉवरचा २८ टक्के भाग तिथे जातोय. आणखी रेडियल टाकत गेलात की एसडब्ल्यूआर १.४ कडे सरकतो, म्हणजे मीटरवर बिघडतो, आणि अँटेना खरी सुधारत असते! मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धे रेडियल काढून टाकायला निघालो होतो, बरं झालं आधी कागदावर हिशोब केला. जमिनीवर टाकायचे तर १६ पासून सुरू करा, ३२ झाले तर छान, लांबी अगदी मापात असायची गरज नाही, पाव वेव्हलेंग्थच्या आसपास पुरते. जमिनीवर जागाच नसेल तर पूर्ण व्हर्टिकल दोन-तीन मीटर वर उचला आणि मापात कापलेले दोन ते चार रेडियल हवेत तिरपे सोडा, तेवढ्यावर काम होतं. ४५ अंशांनी खाली सोडले तर इम्पिडन्सपण ५० च्या जवळ येतो.

समुद्राच्या काठावर असाल, म्हणजे अगदी खाऱ्या पाण्याला लागून, तर दुसरं काही शोधू नका, व्हर्टिकलच लावा. खारं पाणी इतकं चांगलं वाहक आहे की अगदी खालच्या कोनातला सिग्नल, जो साध्या जमिनीवर मातीच खाऊन टाकते, तो तिथे पूर्ण निघतो.

मग डायपोल की व्हर्टिकल? साध्या मातीवर माझा ठोकताळा असा आहे: डायपोल अर्ध्या वेव्हलेंग्थवर किंवा त्याच्या वर चढवता येत असेल तर तारेच्या काटकोनातल्या दिशेला तो सहसा व्हर्टिकलला मागे टाकतो, १० अंशांच्या कोनातसुद्धा काही डीबीने. पाव वेव्हलेंग्थला आला की दोघं त्या कोनात जवळजवळ बरोबरीला येतात, आणि त्याच्याखाली व्हर्टिकल पुढे. म्हणून १० मीटरचा खांब असलेल्या माणसाने २० मीटर बँडला डायपोल आणि ४० मीटर बँडला व्हर्टिकल लावली तर त्यात काहीच विसंगत नाही, उलट तेच शहाणपणाचं आहे.

व्हर्टिकलचा एक त्रास सांगायलाच हवा, ती आजूबाजूचा गोंगाट जास्त ओढते. घरातल्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, सगळं ऐकू येतं. काही लोक व्हर्टिकलवर बोलतात आणि डायपोलवर ऐकतात ते उगाच नाही.

एंड-फेड हाफ वेव्ह. हल्ली सगळीकडे हीच दिसते, आणि समजण्यासारखं आहे, साधारण २० मीटर तार, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, आणि ४०, २०, १५, १० चारही बँड बहुतेक ट्यूनरशिवाय (ट्यूनर म्हणजे इम्पिडन्स जुळवणारा डबा). टोकाला इम्पिडन्स अडीच-तीन हजार ओहम असतो म्हणून तो ट्रान्सफॉर्मर. एकच टोक घराजवळ आणि दुसरं झाडावर, सोय म्हणून हिला तोड नाही. पण डीएक्ससाठी हिचा स्वभाव माहीत पाहिजे. ४० वर ती साध्या डायपोलसारखी काटकोनात बोलते. २० वर तीच तार एक पूर्ण वेव्हलेंग्थ होते, झोत चार होतात आणि तारेच्या बरोबर काटकोनातल्या दिशेला खड्डा पडतो. १० मीटरवर दोन वेव्हलेंग्थ, मुख्य झोत तारेपासून ३६ अंशांच्या आसपास सरकतात आणि काटकोनात परत खड्डा. म्हणजे तुम्ही तार एखाद्या देशाकडे काटकोन करून लावली, ४० वर तो देश मस्त ऐकू आला आणि २० वर गायब, तर बँडला दोष देऊ नका, तार बघा. तार लावण्याआधी कोणता बँड आणि कोणती दिशा महत्त्वाची ते ठरवा आणि त्या बँडच्या झोताप्रमाणे दिशा द्या. आणि ट्रान्सफॉर्मर हाताला चटका बसण्याइतका तापत असेल तर कोअर लहान आहे किंवा चुकीच्या मटेरियलचा आहे, पॉवर कमी करा आणि बदला.

९:१ ची रँडम वायर ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एकच समजून गोंधळ होतो. तिला ट्यूनर आणि काउंटरपॉइज (रेडियलचं काम करणारी तार) लागतो. प्रवासात चालते, पहिली डीएक्स अँटेना म्हणून मी नाही सुचवणार.

लूप. पूर्ण वेव्हलेंग्थची बंद तार, घेर काढायला ३०६ भागिले मेगाहर्ट्झ, १४.१५ ला २१.६ मीटर. त्रिकोणी डेल्टा लूप एकाच उंच टोकावरून टांगता येते, खालच्या कोपऱ्याजवळ फीड केली, म्हणजे कोॲक्स तिथे जोडली, तर उभं पोलरायझेशन (लहर आडवी न डोलता उभी डोलते) आणि खालचा कोन मिळतो, तेही रेडियलशिवाय. कमी लोक वापरतात, वापरायला हवी. लूपवरूनच निघालेल्या क्वाड अँटेनाचा जन्म तर ऐकण्यासारखा आहे, इक्वाडोरमध्ये किटो शहर समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरवर, तिथल्या एचसीजेबी या रेडिओ स्टेशनच्या अँटेनाच्या टोकांना विरळ हवेत कोरोना डिस्चार्ज होऊन टोकं वितळायची, तेव्हा क्लॅरन्स मूर या इंजिनिअरने १९४० च्या दशकात टोकंच नसलेली, बंद चौकोनी अँटेना केली.

बाल्कनीपुरतीच जागा असेल तर छोटी मॅग्नेटिक लूप आहे, मीटरभर व्यासाची. बोलते, पण बँडविड्थ फारच अरुंद, थोडं सरकलं की परत ट्यून, आणि शंभर वॅटला कपॅसिटरवर हजारो व्होल्ट, म्हणून कमी पॉवर ठेवा आणि ट्रान्समिट करताना जवळ उभं राहू नका.

बीम. यागी-उदा अँटेना जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या कामातून आली आणि आजही डीएक्सवाल्यांचं शेवटचं स्वप्न तीच. तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी डायपोलपेक्षा साधारण ५-६ डीबी जास्त देते, आणि मागच्या बाजूचा सिग्नल २० डीबीपर्यंत दाबते, हा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो कारण मागून येणारा गोंधळ गेला की पुतळ्यासारखी शांत बसलेली कमजोर स्टेशनं ऐकू यायला लागतात. पण २० मीटरला एलिमेंट दहा-अकरा मीटर लांब, बूम (एलिमेंट धरणारा पाइप) सहा-आठ मीटर, वर रोटेटर (फिरवणारी मोटर), खाली वारा सहन करणारा टॉवर. आणि यागीलासुद्धा उंचीचा नियम चुकत नाही, २० मीटरची यागी सहा मीटरवर बसवली तर झोत वरच जातो, फक्त एका बाजूला तिरपा.

नवीन माणसाला बीमची चव घ्यायची असेल तर १० मीटर बँडची मॉक्सन करा. दोन एलिमेंट, टोकं एकमेकांकडे वळवलेली, साधारण पावणेचार मीटर बाय दीड मीटरचा आयत, फायबरग्लासच्या चार काठ्या आणि तार, वजन नगण्य, हाताने फिरवा. पाच-सहा मीटरवर ठेवली तरी तिथे ती अर्धी वेव्हलेंग्थ उंच असते. पाच-सहा बँड हवे असतील तर हेक्सबीम, साडेसहा मीटर व्यासाची छत्रीसारखी, तेवढी जागा आणि छत असेल तर.

पायरी ५: कोॲक्स आणि चोक

हे भराभर सांगतो पण टाळू नका. ३० मीटर आरजी-५८ वर २८ मेगाहर्ट्झला जवळजवळ अडीच डीबी जातात, शंभर वॅटमधले ५५-६० वरपर्यंत पोचतात. तीच लांबी आरजी-२१३ ची घेतली तर पंचाहत्तरच्या वर. छोट्या लांबीला, खालच्या बँडला, बारीक कोॲक्स चालून जाते.

चोक म्हणजे कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवायचा. तो अडवला नाही तर कोॲक्सच अँटेना होते, घरातला गोंगाट वर नेते, बोलताना मायक्रोफोनचा चटका बसतो आणि कुठली अँटेना काय करतेय याचा काही पत्ता लागत नाही. ३१ नंबरच्या फेराइटच्या मोठ्या रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे, फीडपॉइंटपाशी, बस. एंड-फेडला तर हा हवाच. कनेक्टरवर पाणी जाणार नाही अशी सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा आणि वादळ येतंय असं दिसलं की कोॲक्स सेटपासून काढून घराबाहेर ठेवा.

पायरी ६: खरी तुलना

इथे बहुतेक जण चुकतात. काल डायपोलवर अमुक ऐकू आलं, आज व्हर्टिकल लावली आणि तमुक ऐकू आलं, म्हणून व्हर्टिकल भारी. काल आणि आज आयनोस्फिअर एकच नसतो हो, तासाभरात सुद्धा नसतो, आणि फेडिंगमुळे एकच स्टेशन अर्ध्या मिनिटात दोन-तीन एस युनिट (सेटच्या सिग्नल मीटरवरचं माप) खालीवर होतं. आठवणीवरून केलेली तुलना ही तुलनाच नाही. मीपण सुरुवातीचं एक अख्खं वर्ष अशाच आठवणींच्या भरवशावर अँटेना बदलत घालवलं.

दोन्ही अँटेना एकाच वेळी उभ्या पाहिजेत, एकमेकींपासून शक्यतो अर्ध्या वेव्हलेंग्थपेक्षा लांब, नाहीतर एक दुसरीचा करंट खाते. दोन्हींच्या कोॲक्स एका दोन-मार्गी कोॲक्स स्विचवर आणा, सेटच्या बाजूलाच. मग लांबचं एक स्टेशन पकडा आणि स्विच इकडे-तिकडे करा, एकदा नाही, वीस वेळा, कारण आडवं आणि उभं पोलरायझेशन वेगवेगळ्या क्षणी फेड होतं, एका क्षणी डायपोल वर असेल तर पाच सेकंदांनी व्हर्टिकल. कोण जास्त वेळा जिंकतं ते वहीत टिक करत जा. एस मीटरवर डोळे लावून बसू नका, एक एस युनिट म्हणजे ६ डीबी हे पुस्तकातलं, बऱ्याच सेटवर ते तसं नसतं. आणि नुसता सिग्नल बघू नका, गोंगाट पण बघा. व्हर्टिकलवर सिग्नल एक एस युनिट जास्त आणि गोंगाट दोन एस युनिट जास्त असेल तर ऐकण्यात व्हर्टिकल हरली, मीटर काहीही म्हणो.

ऐकायची परीक्षा घ्यायला जगभरात एक सुंदर सोय आहे, एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हॅम संस्थांचे बीकन, म्हणजे वेळापत्रकानुसार आपोआप सिग्नल देणारे ट्रान्समीटर. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर १८ बीकनचा क्रम ठरलेला आहे, प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांत पूर्ण फेरी. प्रत्येक बीकन मोर्समध्ये कॉलसाइन १०० वॅटने देतो आणि मग चार लांब डॅश, पहिला १०० वॅट, दुसरा १० वॅट, तिसरा १ वॅट, चौथा ०.१ वॅट. म्हणजे दर डॅशला १० डीबी खाली. एका अँटेनावर दोन डॅश ऐकू येतात आणि दुसरीवर तीन, तर फरक तुमच्या कानानेच मोजला, मीटर लागला नाही. मोर्स येत नसेल तरी चालतं, घड्याळ अचूक ठेवा आणि वेळापत्रकावरून कुठला बीकन आहे ते कळतं. मला अजूनही संध्याकाळी हेडफोन लावून तो एक वॅटचा डॅश गोंगाटातून उगवताना ऐकायला फार आवडतं.

बोलण्याची परीक्षा घ्यायला डब्ल्यूएसपीआर (कमी पॉवरचे सिग्नल आपोआप पाठवणारी डिजिटल पद्धत) वापरा. दोन-दोन मिनिटांचे स्लॉट असतात, एका स्लॉटला अँटेना अ, पुढच्याला अँटेना ब, पॉवर तीच, आणि जगभरातले रिसीव्हर आपोआप डीबीमध्ये रिपोर्ट इंटरनेटवर टाकतात. दोन्ही स्लॉटमध्ये ज्या स्टेशनाने ऐकलं फक्त तेच घ्या, फरक काढा, आणि सगळ्या फरकांमधला मधला आकडा बघा, सरासरी नको, एखादा विचित्र रिपोर्ट सरासरी बिघडवतो. आणि अंतराप्रमाणे वेगळे गठ्ठे करा, २,००० किलोमीटरच्या आतले एक, ६,००० च्या पुढचे एक. हे गठ्ठे केलेत की खरी मजा दिसते, जवळच्या गठ्ठ्यात खालचा डायपोल १० डीबीने पुढे असतो आणि लांबच्या गठ्ठ्यात व्हर्टिकल ३-४ डीबीने पुढे, आणि सगळं एकत्र केलं असतं तर तुम्ही व्हर्टिकल मोडीत काढली असती. डब्ल्यूएसपीआर जमत नसेल तर एफटी-८ या डिजिटल पद्धतीवर सीक्यू (कोणीही बोला अशी हाक) देऊन पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर रिपोर्ट बघा, तेवढं नेमकं नाही पण पुरतं.

किमान आठवडाभर मोजा, सकाळ, दुपार, सूर्यास्त, रात्र सगळं त्यात आलं पाहिजे. २ डीबीच्या आतला फरक सोडून द्या, ज्या अँटेनाची देखभाल सोपी ती ठेवा. डायपोल लांबच्या गठ्ठ्यात हरत असेल तर त्याला लगेच काढू नका, आधी दोन-तीन मीटर वर चढवता येतो का बघा आणि परत आठवडाभर मोजा, व्हर्टिकल हरत असेल तर आठ रेडियल वाढवा आणि परत मोजा. एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख, बँड, उंची, रेडियलची संख्या आणि एसडब्ल्यूआर लिहून ठेवा, कारण पावसानंतर माती ओली झाली की आकडे हलतात आणि तेव्हा बदल मातीचा का तुमच्या हाताचा ते त्या वहीशिवाय कळत नाही.